गच्चीवरच्या बोंबलांबाबत एक दुरुस्ती

१९९६ सालच्या ऑक्टोबरमधील एका रविवारी सकाळी, सानपाड्यातील आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, दोरीला टांगलेल्या सुक्या बोंबलांपासून हातभर अंतरावर उभा राहून मी जाहीर केले की येथे वास येत नाही.

त्या वेळी गच्चीवर कमिटीचे सर्व सभासद हजर होते. त्यांनी नाकाला रुमाल लावले होते. जाधवबाईंनी लावला नव्हता. बोंबील त्यांचे होते.

मी खोटे बोललो नव्हतो. त्याचे कारण पुढे डॉक्टरांनी सांगितले. ज्यांना हा आजार नुकताच कळला आहे, किंवा ज्यांच्या घरात कोणाला तरी तो असल्याची शंका आहे, त्यांच्यासाठी घटना घडल्या त्या क्रमाने देत आहे.

पार्श्वभूमी

जाधवबाई टेलिफोन खात्यात नोकरीला. तळमजल्यावर राहतात. त्यांच्या खिडक्यांसमोर शेजारच्या इमारतीची भिंत असल्याने घरात ऊन येत नाही. गुहागरकडच्या गावाहून त्यांची आई दर वर्षी सुके बोंबील पाठवते. पावसाळ्यात ते सादळतात, म्हणून ऑक्टोबरात त्यांना ऊन दाखवावे लागते. ऊन गच्चीवर असते.

गच्चीच्या खालीच, चौथ्या मजल्यावर, सोसायटीचे चेअरमन पेठेकाका राहतात. ते बँकेतून निवृत्त झाले आहेत. त्यांची तक्रार होती की वासाने त्यांना घरात बसवत नाही. गच्चीवर मासळी वाळत घालण्यास कायमची बंदी घालावी, असा ठराव त्यांनी मांडला होता. पापड, सांडगे आणि मिरच्या यांचा ठरावात उल्लेख नव्हता.

"पापडाला ऊन लागतं तसं बोंबलाला पण लागतं," जाधवबाई सभेत म्हणाल्या. "ऊन काय शाकाहारी हाय?"

वाद वाढल्यावर कोणा त्रयस्थाने गच्चीवर जाऊन पाहणी करावी असे ठरले. माझे नाव खुद्द पेठेकाकांनी सुचवले. मी मराठी दैनिकात उपसंपादक होतो. मूळचा साताऱ्याकडचा, म्हणजे मासळीवर जीव टाकणारा नव्हे आणि नाक मुरडणाराही नव्हे. दोन्ही बाजूंनी मला मान्यता दिली. माझ्या एका वाक्यावर जाधवबाईंची गच्ची राहणार की जाणार हे ठरणार होते.

ते वाक्य मी उच्चारल्यावर पेठेकाकांनी रुमाल काढला.

"शिंदेसाहेब, तुम्ही पत्रकार आहात!"

"म्हणूनच सांगतो आहे."

"काय काय खाल्लंत त्यांच्याकडे?"

"पाणीसुद्धा नाही."

ठराव बारगळला. संध्याकाळी जाधवबाईंकडून बोंबलाच्या चटणीचा डबा आला. माझी पत्नी सुलभा हिने झाकण उघडले आणि लगेच बंद केले.

"अहो, बेडरूमपर्यंत वास गेला. आणि गच्चीवर तुम्हाला आला नाही?"

"नाही."

"खोटं बोललात ते एका अर्थी बरंच केलंत. बाईचं काम झालं. पण मला तरी खरं सांगा."

"खरंच सांगतोय."

त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी कामापुरतेच बोलली. लग्नाला पंचवीस वर्षे होत आली असताना नवरा बोंबलावरून खोटे बोलतो, याचे तिला वाईट वाटले होते.

दूध

पुढच्या आठवड्यात सुलभा कोथिंबीर आणायला खाली गेली. जाताना मला दुधाकडे लक्ष ठेवायला सांगून गेली. मी स्वयंपाकघरातच टेबलाशी बसून मजकूर तपासत होतो. दूध उतू गेले, ज्योत विझली, गॅस सुरूच राहिला. मी एका वाक्यातला कर्ता शोधत होतो.

सुलभाने दारातच कोथिंबीर टाकली, खिडक्या उघडल्या, रेग्युलेटर बंद केला. ती ओरडेल अशी माझी अपेक्षा होती. ती ओरडली नाही. स्टुलावर बसली. मग उठून मसाल्याच्या फळीवरून एक डबी काढली आणि माझ्या नाकाखाली धरली.

"डोळे मिटा. काय आहे?"

"डबी."

"आत काय आहे?"

मी अंदाज केला. "हळद."

तो हिंग होता. तिच्या डोळ्यांत पाणी आले होते. हिंगामुळे, असे तिने सांगितले.

नाकाचे डॉक्टर

वाशीतल्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी नाकात दिवा घालून पाहिले आणि नाक उत्तम असल्याचे सांगितले. वातावरण हलके करावे म्हणून त्यांनी एक विनोद केला. तुर्भ्याच्या कारखान्यांच्या बाजूला राहणाऱ्यांनी खरे तर तुमचा हेवा करायला हवा, अशा अर्थाचा. सुलभा हसली. मीही हसलो. निदान माझी तशी समजूत होती.

डॉक्टर माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिले.

"यांचा चेहरा नेहमी असाच असतो?" त्यांनी सुलभाला विचारले.

"वर्तमानपत्रात आहेत ना," ती म्हणाली.

डॉक्टरांनी नाकात घालायचे थेंब लिहून दिले नाहीत. मेंदूच्या डॉक्टरांचे नाव दिले. 

निदानाचा दिवस

मेंदूच्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी मला बोटे आपटायला लावली, मूठ उघड-मीट करायला लावली, कॉरिडॉरमध्ये चालायला लावले. चालून आल्यावर म्हणाल्या, "उजव्या हातात काही आहे का?"

"नाही."

"मग तो हलत का नाही?"

सुलभा म्हणाली, "वर्षभर मी तेच सांगतेय. पिशवी नसली तरी पिशवी धरल्यासारखे चालतात."

मग त्यांनी कोणतेही एक वाक्य कागदावर पुन्हा पुन्हा लिहायला सांगितले. मी पालिकेच्या पाणीपुरवठ्याची बातमी लिहिली. पहिली ओळ नेहमीच्या आकाराची होती. शेवटची वाचण्यासाठी डॉक्टरबाईंनी चष्मा बदलला. आमच्या कचेरीत संगणकावर मजकूर जुळवणारा मुकुंद महिनोन्महिने म्हणत होता, "साहेब, तुमच्या कॉपीत मुंग्या चालल्यात. कागद वाचवताय का?" मी त्याला डोळे तपासून घेण्याचा सल्ला दिला होता. त्याने तपासून घेतले होते. डोळे चांगले होते.

शेवटी वासाची परीक्षा झाली. डोळे मिटून चार बाटल्या हुंगायच्या होत्या. मी चारही वेळा "वास नाही" म्हणालो. तुलनेसाठी डॉक्टरबाईंनी सुलभालाही बसवले. तिने कॉफी, लवंग आणि साबण बरोबर ओळखले. चौथ्या बाटलीला जरा थांबून म्हणाली, "कापूर. पण अगदी मंद."

चौथी बाटली रिकामी होती.

"लाजू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "वास आहे असं सांगून ठेवलं की माणसाला येतो. बहुतेकांना येतो."

"म्हणजे चारपैकी एक यांचं बरोबर आलं," सुलभा म्हणाली.

यानंतर तिने डॉक्टरबाईंना गच्ची, बोंबील आणि पेठेकाका हे प्रकरण सविस्तर सांगितले. डॉक्टरबाई हसू लागल्या, टेबलाला धरून हसल्या, आणि मग थांबल्या. त्यांनी आधीच काढून आणायला लावलेल्या मेंदूच्या स्कॅनचा फोटो दिव्यावर लावला.

"स्कॅन चांगला आहे."

"देव पावला," सुलभा म्हणाली. "म्हणजे काही नाही ना?"

"हा आजार स्कॅनमध्ये दिसत नाही."

"मग काढायला का लावला?"

"दुसरं काही नाही ना, ते बघायला."

आजाराचे नाव पार्किन्सन्स; मराठीत कंपवात. मी म्हणालो की माझा हात थरथरत नाही. त्यांनी सांगितले की सगळ्यांचा थरथरतोच असे नाही, आणि माझाही पुढे थरथरू शकेल. मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक लहानसा पट्टा असतो. त्या पेशी जे रसायन बनवतात, त्यावर आपली हालचाल चालते. माझ्या त्या पेशी मरत होत्या.

"कधीपासून?"

"तुम्हाला कळण्याच्या बऱ्याच आधीपासून. हात कुरकुर करायला लागतो, तोवर पुष्कळशा गेलेल्या असतात. वासाच्या वाटेवरच्या पेशी तर अनेकांच्या त्याहून आधी जातात. आणि पेशंटला पत्ताही लागत नाही. वास जाताना आवाज होत नाही ना."

"त्या परत येतील?"

"नाही. त्यांचं काम थोडंफार औषध करेल."

मी आणखी काही प्रश्न विचारले. किती वर्षे, कोणत्या क्रमाने, शेवटी काय. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यांच्याकडे नव्हती. तिसऱ्याचे त्यांनी दिले नाही, आणि मी पाठपुरावा केला नाही. बातमीदारीत असताना असे मी कधी केले नव्हते.

वॉर्ड

औषधाची मात्रा बसवण्यासाठी मला वाशीतल्या रुग्णालयात दाखल केले. वॉर्डचा दिवस नर्सच्या ट्रॉलीने सुरू होतो. गोळी उपाशीपोटी घ्यायची, पोटात डाळ किंवा मासळी असेल तर ती नीट लागत नाही. पहिले काही दिवस मळमळते. रोज सकाळी नर्स मला शर्टाची बटणे लावायला सांगे आणि बघत उभी राही. ज्यांना हे अनुभवायचे आहे त्यांना सांगतो: वरच्या बटणापासून सुरुवात करू नका. खालून करा. चुकले तरी पोटाशीच चुकते.

शेजारच्या खाटेवर जासईचे म्हात्रे होते. कंटेनर यार्डात क्रेन चालवत असत. त्यांना माझाच आजार होता, माझ्याहून जुना. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी चौकशी केली.

"सायेब, वास येतो का?"

"नाही."

"मना पन नाय. घरान सुका जवला भाजला तरी कललं नाय. बायको बोलली, हा मानूस कामातून गेला." ते समाधानाने उशीला टेकले. "दोन वरसं मी बोलत व्हतो, जवल्यानच आता दम नाय रायला."

जेवणाचे ताट आले की आम्ही झाकण न उघडता भाजी कोणती याची पैज लावत असू. दोघांनाही वास येत नसल्याने खेळ बरोबरीचा होता. म्हात्रे रोज "दुधी" म्हणत आणि रोज जिंकत.

भीती वाटत असे ती दुपारी. भेटीची वेळ संपून सुलभा गेली की मी चमचा तोंडापर्यंत नेण्याचा सराव करी. उद्या तो नेता आला नाही तर सुलभा भरवील, हे मला माहीत होते. तेच नको वाटत होते. म्हात्रे एकदा हे पाहत होते. त्यांचा हात चांगलाच हलत असे. चहा पिण्याआधी ते कप अर्धा रिकामा करून घेत.

"सायेब, अर्धा कप घ्यायचा," ते म्हणाले. "दोनदा घ्यायचा. चा तेवराच होतो."

तेव्हापासून मी अर्धा कप घेतो.

औषध बसल्यावर हात मोकळा झाला. कॉरिडॉरमध्ये चालताना तो हलू लागला. सुलभा पाहायला आली होती. ती म्हणाली, "हळू. कोणाला लागेल." वास मात्र परत आला नाही. तो बहुधा येणार नाही, असे डॉक्टरबाईंनी सांगून ठेवले होते.

दुरुस्ती

घरी आल्यावर मी सुलभाला सांगितले की सोसायटीला कळवावे लागेल.

"आजाराचं? कळवू की हळूहळू."

"गच्चीचं. मी दिलेली माहिती चुकीची होती."

ती भांडे ठेवायची थांबली. "अहो, वेड लागलंय का? ते मिटलंय. बाईंचे बोंबील वाळतायत. तुम्ही बोललात की पेठेकाका उद्या कुलूप घालतील."

"चूक जिथे छापली तिथेच दुरुस्ती छापायची असते."

"तुम्ही छापलं कुठे होतं? तुम्ही नुसतं बोलला होतात!"

आमच्यात यावर दोन दिवस भांडण झाले. आजार कळल्यापासूनचे पहिले. ती माझ्याशी फार जपून बोलू लागली होती. भांडताना ते विसरली. मला त्याचे बरे वाटले.

शेवटी आम्ही दोघे आधी जाधवबाईंकडे गेलो. मी त्यांना निदान सांगितले आणि सभेत काय सांगणार आहे तेही. 

"भाऊ, म्हणजे त्या दिवशी तुमी माझी बाजू घेतलीच नव्हती?"

"नाही."

"आणि मी इथं आईला फोन करून सांगितलं, एक मानूस उभा राहिला म्हणून." त्या सुलभाकडे वळल्या. "वहिनी, हे असेच का हो?"

"असेच."

"सांगा मग," जाधवबाई मला म्हणाल्या. "गच्ची गेली तर गेली. त्यांना मासळी नको असं नाय, आमी नको. पण आई पाठवायची बंद होणार नाय, हे मी आताच सांगते. मी टेलिफोन ऑफिसात वाळवीन."

सभा

पुढच्या सभेत मी उभा राहिलो. मला घ्राणशक्ती नाही, त्या दिवशीही नव्हती, सबब माझे निवेदन ग्राह्य धरू नये, असे सांगितले. आजाराचे नाव सांगितल्यावर सगळ्यांनी माझ्या हाताकडे पाहिले. हात स्थिर होता. मागच्या रांगेतून कोणी तरी म्हणाले, "काही हलत तर नाहीये."

पेठेकाका उभे राहिले. आधी त्यांनी माझ्या प्रकृतीबद्दल मनापासून दुःख व्यक्त केले. मला लागेल तेव्हा ते स्वतः दवाखान्यात घेऊन जातील, असेही म्हणाले. पुढे त्यांनी तसे दोनदा नेले, त्याची येथे नोंद करतो. मग म्हणाले, "तेव्हा आता ठराव मंजूर करायला हरकत नाही."

"हरकत आहे," सुलभा म्हणाली. ती सभेत यापूर्वी कधी बोलली नव्हती. "यांचं निवेदन रद्द झालं, म्हणजे पाहणीच झाली नाही. पुन्हा पाहणी करा. ज्यांना वास येतो त्यांनी करा. पेठेकाका, तुम्हीच करा. पण गच्चीवर नाही. तक्रार तुमच्या घरात वास येतो अशी आहे. तुमच्या घरात करा."

पेठेकाकांना हे पूर्ण मान्य होते. रविवारी सकाळी जाधवबाईंनी नेहमीच्या वेळी बोंबील घालावेत, काकांनी घरात बसून वास आल्याची वेळ सांगावी, कमिटीने ती ऐकावी, असे ठरले.

दुसरी पाहणी

रविवारी कमिटी पेठेकाकांच्या हॉलमध्ये बसली. मीही होतो, निरीक्षक म्हणून. नाक म्हणून सुलभा होती. काकूंनी सर्वांना चहा दिला. मला अर्धा कप. पेठेकाका खिडकीशी खुर्ची घेऊन डोळे मिटून बसले होते.

ठरलेली वेळ झाली. थोड्याच वेळात काकांनी रुमाल नाकाला लावला.

"आला. घातले तिनं. बघा, कसा भपकारा आला!"

खजिनदार म्हणाले की त्यांनाही येतोय. आणखी एका सभासदाने मान डोलावली. कमिटीतील एका बाईंनी घशात खवखवत असल्याचे सांगितले. मी सुलभाकडे पाहिले. तिने मान हलवली. तिला येत नव्हता. मात्र ती एकदा कापराच्या बाबतीत चुकली असल्याने तिने आग्रह धरला नाही.

"डोकं धरतं अहो," पेठेकाका म्हणाले. "हे असं दर रविवारी. आता तरी पटलं?"

दाराची बेल वाजली. काकूंनी दार उघडले. जाधवबाई होत्या. हात ओले, पदर खोचलेला, हात रिकामे.

"माफ करा हां," त्या म्हणाल्या. "आज नळाला पाणी उशिरा आलं, भरत बसले होते. तुमी सगळे थांबलात ना? बोंबील खाली ओट्यावरच हायत. आता घालू का?"

 पेठेकाकांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. काकूंनी जाधवबाईंना चहा विचारला.

ठराव पुन्हा मांडला गेला नाही. गच्चीला कुलूप लागलेले नाही. माझी गोळी आता दिवसातून तीनदा आहे, उजवा हात चालताना हलतो, आणि हा मजकूर मुकुंदने एकही अक्षर न विचारता वाचला. बोंबील त्या रविवारी, सर्वांचा चहा झाल्यावर, गच्चीवर घालण्यात आले. त्यांचा वास येत होता, असे सुलभाने सांगितले.